मत नसताना दारोदार

ओहायोतल्या त्या गावात आम्ही २००३च्या ऑगस्टमध्ये राहायला गेलो. नवऱ्याला एका विमा कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर काम मिळालं होतं. लोकांचे आरोग्यविम्याचे क्लेम तपासणारं सॉफ्टवेअर नीट चालतंय ना, हे तो बघायचा. मी बी. फार्म., साताऱ्याला एका हॉस्पिटलच्या फार्मसीत चार वर्षं नोकरी केलेली. पण माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. मुलगी पहिलीत होती. तिला सकाळी शाळेत सोडायचं आणि दुपारी आणायचं, या दोन फेऱ्यांच्या मधला वेळ मला खायला उठायचा. पुसलेला ओटा मी परत पुसायची. खिडकीशी जायची, परत यायची. कोलंबस शहराला लागून असलेलं डब्लिन तासाभरावर होतं, तिथे इंडियन ग्रोसरी होती, मराठी मंडळ होतं, बोलायला चार घरं होती. पण मला गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे डब्लिन म्हणजे फक्त शनिवार.

शाळेजवळच्या चौकात एक बाई हातात लाल पाटी घेऊन उभी असायची. गाड्या थांबवायच्या आणि मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा, एवढं तिचं काम. साठीच्या पुढची, ठेंगणी, पिवळ्या जाकिटात आणखीच रुंद दिसणारी. प्रत्येक मुलाला ती ‘बॉस’ म्हणायची. माझ्या मुलीला हे फार आवडायचं. बाई आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये तळमजल्यावर एकटी राहते, हे मला दोन महिन्यांनी कळलं, आणि त्यानंतर आम्ही शाळेतून बरोबर परत यायला लागलो.

पुढच्या जानेवारीत ती लंगडायला लागली.

“बूट नवीन आहेत,” ती म्हणाली.

बूट नवीन नव्हते. दोन दिवस मी तिच्या चालण्याकडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी तिने कॉफीला बोलावलं. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर औषधाची बाटली उघडी होती आणि शेजारी भाजी कापायच्या फळीवर गोळ्या अर्ध्या कापून ठेवलेल्या होत्या. बाटलीवरचं नाव मी सवयीने वाचलं. डायबिटीसच्या गोळ्या.

“अर्धीच घ्यायला डॉक्टरांनी सांगितलं?”

“नाही, मीच मला सांगितलं,” ती हसून म्हणाली.

ती पूर्वी काचेच्या कारखान्यात होती. कारखाना बंद पडला तसा विमाही गेला. चौकातलं काम सकाळ-दुपार थोडा थोडा वेळ, त्यावर विमा मिळत नाही. पासष्ट वर्षं पूर्ण झाली की सरकारचा विमा सगळ्यांनाच मिळतो. “चार वर्षं राहिलीत. तोवर पुरवून पुरवून वापरायचं,” ती म्हणाली. हे तिने अशा सुरात सांगितलं की जणू गोळ्यांचं नाही, साखरेच्या डब्याचं चाललंय.

मी तिला बूट काढायला लावला. मोजा चिकटला होता. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती आणि ती दुखत नाही असं ती म्हणत होती. दुखत नाही हेच तर वाईट होतं.

काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याचा एक दवाखाना आहे, तिथे विमा विचारत नाहीत, हे लायब्ररीतल्या फलकावर मी वाचलं होतं. गुरुवारी तिच्याच जुन्या गाडीतून आम्ही गेलो. मुलगी मागे बसली. गाड्यांचे परवाने देणाऱ्या ऑफिसच्या मागे तीन खोल्या, वीस-पंचवीस खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. आमचा नंबर येईपर्यंत मी फडताळातल्या सॅम्पल औषधांवरची लेबलं वाचत उभी राहिले. काउंटरवर एक उंच, सत्तरीच्या घरातली बाई होती, पांढरे केस बारीक कापलेले. आयुष्यभर शाळांमधून नर्स म्हणून काम करून निवृत्त झालेली, आता इथे फुकट काम करणारी.

“एवढं काय वाचतेयस?”

“यातली दोन एक्स्पायर झालीत,” मी म्हणाले. “मी फार्मसिस्ट आहे. म्हणजे, होते.”

“होते असं काही नसतं. पुढच्या गुरुवारी ये.”

अशी मी तिथे जायला लागले. पगार नसेल तर माझ्या व्हिसाचीही हरकत नव्हती. फडताळ लावलं, तारखांप्रमाणे औषधं रचली, फॉर्म भरून दिले. मुलगी कोपऱ्यात होमवर्क करायची आणि मध्येच येऊन विचारायची, “आई, कॅन वी गो नाऊ?” माझी आई गावच्या आरोग्य केंद्रात नर्स होती. तिच्याबरोबर लसीचा डबा धरून मी वाड्या-वस्त्यांवर हिंडलेली. दवाखान्यात जाताना खिशाकडे बघावं लागतं, हे मला लहानपणी माहीतच नव्हतं. इथे लोक आधी ते सांगायचे आणि मग दुखणं. छतं घालणारे, हॉटेलात भांडी धुणारे, एक हिशेबनीस, एक चर्चमधली पियानोवाली. सगळे कामावर जाणारे. मला वाटलं होतं, इथे गरीब लोक येत असतील. इथे आमच्या शेजारचे लोक येत होते.

चौकातल्या बाईची जखम चार महिन्यांत भरली.

२००५च्या उन्हाळ्यात कळलं की दवाखाना अडचणीत आहे. घरपट्टीवर एक छोटा जादा कर होता, त्यातून आरोग्य खातं चालायचं. त्याची मुदत संपत होती. तो पुढे चालू ठेवायचा की नाही, यावर नोव्हेंबरमध्ये लोक मत देणार होते. काउंटरवरच्या नर्सबाईने लायब्ररीच्या तळघरातल्या खोलीत बैठक बोलावली. सहा माणसं आली, त्यातली मी एक. नर्सबाई गेली अनेक वर्षं दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कोर्टासमोर एकटीच पाटी घेऊन उभी राहायची: देशातल्या प्रत्येकाला उपचार मिळाले पाहिजेत. त्या बैठकीत मात्र ती देशाबद्दल बोललीच नाही. “देशाचं होईल तेव्हा होईल. आधी हा दरवाजा उघडा ठेवू,” ती म्हणाली आणि सगळ्यांना रस्ते वाटून दिले.

घरी मी नवऱ्याला सांगितलं, की मला अठरा रस्ते मिळालेत.

“तू लोकांच्या दारात जाणार? करासाठी?”

“हो.”

“पेपरात फोटोबिटो आला तर? ग्रीन कार्डची फाईल आत पडलीय. आपण इथे पाहुणे आहोत.”

“घरपट्टीच्या करासाठी कुणी ग्रीन कार्ड अडवतं?”

“मला माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच म्हणतोय.”

मलाही माहीत नव्हतं. पण घरात बसवत नव्हतं. मुलगी शाळेत गेली की मी पत्रकांची पिशवी घेऊन निघायची. त्या रस्त्यांना फुटपाथ नव्हते. मी गवताच्या कडेने चालायची आणि गाड्या वेग कमी करून माझ्याकडे बघायच्या. दार वाजवलं की मनात आधी येई, उघडू नये कुणी. उघडलं की इंग्रजी अडखळायचं. हळूहळू ते सुटलं.

एक म्हातारा गॅरेजमध्ये गवत कापायचं मशीन दुरुस्त करत होता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि विचारलं, “तू मत देणार का?”

“मला मत नाही. मी नागरिक नाही.”

“मग तुला काय पडलंय?”

मी पत्रक त्याच्यापुढे धरून म्हणाले, “मी इथे राहते.” त्याने पत्रक घेतलं. घडी घालून खिशात ठेवलं की मशीनखाली तेल टिपायला ठेवलं, ते मी वळून पाहिलं नाही.

आणि मग चौकातली बाई. आमच्याकडे ‘कराला हो म्हणा’ लिहिलेल्या, अंगणात रोवायच्या पाट्या होत्या. तिच्या खिडकीखाली मातीचा तुकडा होता, मी एक पाटी घेऊन गेले. ती दारातच उभी राहिली.

“नको. मला लोकांच्या पैशावर जगायचं नाही.”

“पण तुम्ही तिथे जाता ना? तुमचा पाय तिथेच बरा झाला.”

“जाते. नाइलाज आहे म्हणून जाते. त्याची पाटी कशाला लावायची?” मग थोडी नरमून म्हणाली, “माझे वडील असते तर त्यांना लाज वाटली असती.”

पाटी परत घेऊन येताना मला तिचा राग आला होता. स्वतःचाही आला होता, कारण तिचं म्हणणं मला थोडं कळत होतं.

त्या गावात आमच्याशिवाय एकच मराठी घर होतं. डॉक्टर काका आणि काकू, गॉल्फ कोर्सच्या बाजूला राहणारे. काका १९७०च्या आसपास विदर्भातून इथे आलेले, तीस वर्षं हृदयरोगाचे डॉक्टर, आता निवृत्त. गावातले लोक त्यांना रस्त्यात थांबवून हात मिळवायचे. काकांनी दोन ओळी लिहून दिल्या तर शेकडो मतं फिरतील, असं नर्सबाईचं म्हणणं होतं. एका रविवारी मी नवऱ्याबरोबर गेले. काकूंनी उपमा केला होता. काकांनी पत्रक चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं.

“मी नाही लिहून देणार,” ते म्हणाले.

“का, काका?”

“सरकारी दवाखाना म्हणजे काय, ते मी पाहिलंय. मी शिकलो त्या इस्पितळात एका खाटेवर दोन पेशंट आणि खाली जमिनीवर तिसरा. लाइट गेली की आम्ही टॉर्चच्या उजेडात टाके घालायचो. सरकारच्या हातात दिलं की तसंच होतं.”

“पण काका, त्या तिघांना निदान तुम्ही मिळालात ना?”

काकूंनी माझ्या बशीत आणखी उपमा वाढला. काकांनी पत्रक घडी घालून मला परत दिलं. मग म्हणाले, “तू चांगलं काम करतेयस. पण मी मत विरुद्ध देणार आहे, हे तुला आत्ताच सांगतो. नंतर कळलं तर वाईट वाटेल.”

माझा इतका हिरमोड झाला की परतीच्या वाटेवर मी गाडीच्या खिडकीबाहेरच बघत राहिले. तो गाडी चालवत राहिला. घराशी आल्यावर म्हणाला, “तोंडावर सांगितलं ना त्यांनी. इथे कोण सांगतं एवढं?”

नोव्हेंबरमध्ये आम्ही हरलो. फार थोडक्या मतांनी. तेच जास्त लागलं, कारण मला न गेलेली दारं आठवायला लागली. दोन रस्ते पावसामुळे मी सोडून दिले होते. एका घरात कुत्रा होता म्हणून पुढची तीन घरं टाळली होती. कितीतरी दिवस मी मनातल्या मनात त्या घरांसमोर उभी राहायची.

जानेवारीत दवाखान्याच्या दारावर कागद लागला. नर्सबाईने औषधांचे खोके स्वतःच्या गाडीत भरले. मी एक खोका उचलून दिला.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका सकाळी चौकात दुसराच माणूस पाटी घेऊन उभा होता. मुलगी म्हणाली, “व्हेअर इज शी?” तिला वर्गात सोडून मी जवळजवळ पळतच परत आले. बाईने दार उघडायला फार वेळ लावला. खोलीत वास होता. तीच जागा, तोच पाय, पण आता दोन बोटं काळी पडलेली आणि ताप. महिनाभर तिने मला मोजे घालून फसवलं होतं. रोज सकाळी मी तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते, आणि मला दिसलं नव्हतं.

मी नवऱ्याला ऑफिसात फोन केला. तो मीटिंगमधून उठून आला. आम्ही दोघांनी तिला धरून गाडीत बसवलं आणि हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं. तिथे कुणाला परत पाठवत नाहीत. सर्जन आला, भूल देणारा आला, सगळं चोख झालं. घोट्याच्या वरून पाय काढला. पाय वाचवायची वेळ होती तेव्हा गावात कुणी नव्हतं, आणि कापायची वेळ आली तेव्हा सगळे होते. माझा नवरा वेटिंग रूममध्ये पाच तास बसून होता. मी त्याला घरी जायला सांगितलं तरी गेला नाही. त्याने एकदाच विचारलं, “त्या गोळ्या पूर्ण घेतल्या असत्या, कुणी पाय बघत राहिलं असतं, तर हे टळलं असतं?”

“बहुतेक.”

तो दिवसभर काय तपासत असतो, हे आम्ही दोघं जाणून होतो. मी त्याला त्यावर काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

उन्हाळ्यात नर्सबाईने एका चर्चचा हॉल मिळवला, महिन्यातून दोन गुरुवार. औषधं होती, खुर्च्या होत्या, डॉक्टर नव्हता. मी काकूंना फोनवर सहज हे सगळं सांगितलं, पायाचंही सांगितलं. दोन दिवसांनी काकांचा फोन.

“तुमच्याकडे डॉक्टर नाही म्हणे.”

“नाही काका.”

“निवृत्त डॉक्टरला फुकट काम करायचं प्रमाणपत्र मिळतं. मी अर्ज केलाय. माझं मत बदललं असं समजू नकोस. गुरुवारी मला काम नसतं, एवढंच.”

ते आले ते इस्त्रीचा कोट घालून. पहिल्या दिवशी एका हॉटेलात काम करणाऱ्या बाईला त्यांनी अर्धा तास तपासलं, तिचे पाय, नखं, मान. ती गेल्यावर म्हणाले, “इतकी वर्षं माझ्याकडे माणसं यायची ती सगळे रिपोर्ट घेऊन. हात लावून निदान करायचं मी विसरलोय की काय, असं वाटलं होतं.” नर्सबाई त्यांच्याशी प्रत्येक वेळी कर आणि सरकार यांवर वाद घालायची. दोघांनाही त्याची गोडी लागली होती. हरलं कुणीच नाही.

दुसऱ्यांदा हा प्रश्न मतदानाला आला २००७च्या मे महिन्यात. मार्चमध्ये मी जेवणाच्या टेबलावर मतदारांची यादी पसरून रस्त्यांप्रमाणे खुणा करत होते. नवरा पाणी प्यायला आला, यादीकडे बघून थांबला.

“ही अशी कुणी करतं? आडनावाप्रमाणे आहे ही.”

“अशीच मिळते.”

“दे इकडे.”

रविवारपर्यंत त्याने प्रत्येक रस्त्याची वेगळी यादी काढली होती. डाव्या बाजूची घरं आणि उजव्या बाजूची घरं वेगळी, म्हणजे रस्ता सारखा ओलांडायला नको. मागच्या वेळी मी सोडलेली घरं त्याने पिवळी केली होती. ती कुठली, हे मी त्याला कधीतरी चिडून सांगितलं होतं. त्याने लक्षात ठेवलं असेल असं वाटलं नव्हतं. शनिवारी डब्लिनला न जाता तो माझ्याबरोबर फिरला, मी डावीकडे आणि तो उजवीकडे. दारात उभा राहिला की तो आधी माफी मागायचा. मी त्याला सांगितलं, “माफी कशाची मागतोस?” तो म्हणाला, “सुरुवात कशी करायची, मला कळत नाही यार.”

त्या वेळी कर मंजूर झाला. नर्सबाईच्या घरी रेडिओवर ऐकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नर्सबाई खुर्चीत बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग उठून म्हणाली, “उद्या किल्ल्या मागायला जायला हवं.”

दुसऱ्या दिवशी मी चौकातल्या बाईकडे गेले. चौकात उभं राहायचं काम तिचं गेलं होतं. ती खिडकीत बसून कृत्रिम पायाचा पट्टा आवळत होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, “मी या वेळी हो म्हटलं. कुणाला सांगू नकोस.” काकांनी काय मत दिलं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. पुढच्या वर्षी बाईला पासष्ट वर्षं पूर्ण झाली म्हणून सरकारचं कार्ड पोस्टाने आलं. ती गोळ्या पूर्ण घ्यायला लागली.

ही हकीकत इथे संपवली तर छान वाटेल. पण मला ती संपलीय असं वाटत नव्हतं. दवाखाना उघडला तेव्हाही मी जागेवर बसू शकत नव्हते. पन्नास मैलांवरच्या काउंटीत असा दवाखाना नव्हता, तिथली माणसं आमच्याकडे यायची आणि काही वेळा आम्हाला त्यांना पत्ता बघून नाही म्हणावं लागायचं. ते नाही म्हणायचं काम माझ्याकडे होतं, कारण नर्सबाईला ते जमत नसे.

२००८च्या सप्टेंबरमध्ये नवऱ्याला दक्षिणेकडच्या राज्यात, अल्फारेटाला नोकरी मिळाली. विम्याची नव्हे, दुसरीच. सामान बांधून झालं होतं. शेवटच्या गुरुवारी मी संध्याकाळपर्यंत थांबले. आम्ही आवराआवर करत असताना एक छतं घालणारा तरुण माणूस आला, बूट डांबराने भरलेले, उजवा गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला. दाढ होती. आमच्याकडे दाताचा डॉक्टर नव्हता, कराच्या पैशात दातांचे उपचार बसत नव्हते. काकांनी त्याला तपासून अँटिबायोटिक दिलं आणि सांगितलं की दाढ काढल्याशिवाय हे थांबायचं नाही. मी कोलंबसच्या एका ठिकाणी फोन केला, जिथे कमी पैशांत दात काढतात. सहा आठवड्यांनंतरची वेळ मिळाली.

मी कागदावर पत्ता लिहून दिला. त्याला बोलायला त्रास होत होता, तरी थँक यू म्हणाला. तो बाहेर गेला, आणि मी हातातली दवाखान्याची किल्ली टेबलावर ठेवून त्याच्या मागे पार्किंगपर्यंत गेले. त्याने ट्रकची काच खाली केली आणि काय, म्हणून माझ्याकडे बघितलं. “गरम पाण्यात मीठ घालून चूळ भरा, दर दोन तासांनी,” मी म्हणाले. त्याने मान हलवली आणि तो गेला. आत आले तर नर्सबाई एका कोऱ्या कागदावर सगळ्यात वर ‘दात’ असा शब्द लिहून, खाली काहीच न लिहिता, पेन धरून बसली होती.